वेशीबाहेरचे महापौर

आमच्या घरमालकांना भाडेकरू कुठल्याही देशाचा चालायचा, पण बादलीशिवाय आलेला चालायचा नाही. ग्रोनिंगन या डच शहरातल्या त्यांच्या कालव्याकाठच्या घराचा वरचा मजला बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी ना नवऱ्याच्या पगाराची चौकशी केली, ना आमच्या फोडणीच्या वासाची. एवढंच म्हणाले, "येताना प्रत्येक कुटुंबानं एक बादली आणायची. हा या घराचा नियम आहे."

माझा ऊर भरून आला. मी नुकतीच या देशात आले होते. शॉवरखाली उभं राहून अंघोळ झाल्यासारखी वाटायचीच नाही, आणि इथे एक गोरा म्हातारा स्वतःहून सांगतोय, बादली आणा! केवढा तो आपल्या लोकांचा अभ्यास! मी त्याच दिवशी एक निळी प्लास्टिकची बादली घेतली आणि वर मगही घेतला.

राहायला गेलो तेव्हा त्यांनी ती बादली माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि जिन्यातल्या एका खुंटीला टांगून टाकली. तिथे आधीच दोन-तीन कातडी बादल्या ओळीनं लटकत होत्या. मगाचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून तो त्यांनी बादलीतच ठेवला. मग खुलासा झाला. मध्ययुगात त्यांच्या गावात नवा नागरिक शपथ घ्यायला यायचा, तेव्हा आग विझवायची एक कातडी बादली सोबत आणायचा. "नागरिक कोण?" त्यांनी जिन्यातच मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "शेजाऱ्याचं घर पेटल्यावर बादली घेऊन जो धावतो, तो नागरिक."

मला हे अगदी पटलं, पण अंघोळीचं काय? मी रोज सकाळी खुंटीवरून बादली काढून न्यायची, अंघोळ झाली की पुसून पुन्हा टांगायची. त्यांना वाटायचं, मी आग विझवायचा सराव करते. खालच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांना ते माझं उदाहरण द्यायचे, "वरच्या बाई बघा. रोज. न चुकता." त्यांचा गैरसमज दूर करायचा मी एकदा विचार केला होता, पण असं कौतुक माहेर सोडल्यापासून कुणी केलं नव्हतं. मी गप्प बसले.

ते मूळचे जर्मन. तरुणपणी एका डच मुलीसाठी इकडे आले, इथल्या शाळेत जर्मन शिकवलं, बायको वारली आणि मग घर भाड्यानं द्यायला लागले. पण ही सगळी त्यांच्या लेखी किरकोळ माहिती. त्यांचं खरं आयुष्य पंधराव्या शतकात चाललं होतं. त्यांच्या जन्मगावाचा त्या काळचा एक बुर्गमेस्टर, म्हणजे नगरप्रमुख, कापडाचा आणि माशांचा व्यापारी होता. त्याचं चरित्र ते कित्येक वर्षं लिहीत होते. बोलताना मात्र तो पलीकडच्या गल्लीत राहत असल्यासारखं बोलायचे.

"काल एक गोष्ट लक्षात आली," कॉफी ओतता ओतता ते सांगायचे. "त्यांना हेरिंग मासा आवडत नसे."

"कशावरून?"

"विकला खूप, पण घरी एकदाही नेलेला दिसत नाही."

आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना आपसात महापौर म्हणायला लागलो. तोंडावर अर्थातच 'मेनेर', म्हणजे साहेब, आणि मी त्यांची 'मेव्राउ', म्हणजे बाईसाहेब. ते घरात लोकरी कॉलरचा जाड कोट घालून वावरायचे आणि हीटर बारीक ठेवायचे, कारण बुर्गमेस्टरांच्या काळी हीटर नव्हते. नवं वॉशिंग मशीन घ्यायचं का, असा साधा प्रश्न विचारला तरी म्हणायचे, "कौन्सिलपुढे ठेवतो." मग एकटेच कालव्याकडेनं एक चक्कर मारून यायचे आणि निर्णय सांगायचे. कौन्सिलचा निर्णय आणि त्यांचं मत यांत कधी तफावत पडली नाही. आमच्या गावच्या नगरपालिकेतही ठराव असेच एकमतानं व्हायचे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

वर्षातला त्यांचा मोठा सण फेब्रुवारीत. त्या काळी बुर्गमेस्टर नगरभवनाच्या सज्जात उभा राहून शहराचे नियम मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि खाली चौकात सगळे नागरिक उभे राहून ऐकायचे. महापौर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहायचे. आम्ही भाडेकरू खाली, हातात मसाल्याची गरम वाईन घेऊन. मला सफरचंदाचा रस. नमनालाच घडाभर तेल जायचं, मग नियम सुरू व्हायचे. "कालव्यात घाण टाकू नये. संध्याकाळच्या घंटेनंतर डुकरं रस्त्यावर सोडू नयेत. सायकली जिन्याखाली लावू नयेत. पावाचं वजन मारू नये. कौन्सिलची टिंगल करणाऱ्याला वेशीबाहेर काढण्यात येईल." यातला कुठला नियम त्या काळचा आणि कुठला आपल्याला लागू, हे कुणालाच कळायचं नाही. एका स्पॅनिश मुलानं एकदा घाबरत विचारलं होतं, मांजर पाळलेलं चालेल का?

"मागच्या वर्षीचे नियमही पाळायचेत का?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"वाचून दाखवलेला नियम दुसरा नियम वाचून दाखवेपर्यंत चालू," ते म्हणाले. "शहरं अशीच टिकतात, मेव्राउ."

माझा नवरा हसून हसून बेजार व्हायचा. मलाही हसू यायचं, पण मला दुसरंच काही आठवायचं. आमच्या गावात दवंडी द्यायला यायचे ते भैरूमामा, त्यांचा तो डफ, आणि आवाज कानावर आला की ओसरीवर येऊन उभे राहणारे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते एका कार्यकाळासाठी आमच्या छोट्याशा गावचे नगराध्यक्ष होते. हे मी महापौरांना सहज सांगितलं आणि ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. मला म्हणाले, "किल्ल्या कुणाकडे असायच्या?"

त्यांच्या गावात वेशीचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या बुर्गमेस्टरच्या घरी पोचवल्या जायच्या, हे मला ठाऊक होतं. आमच्या गावाला दरवाजे कुठले! पण एका कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा टाकीच्या व्हॉल्व्हची चावी अण्णा स्वतःच्या उशाखाली ठेवून झोपायचे. ते मी सांगितलं. महापौरांनी माझ्यापुढे बिस्किटांचा अख्खा डबा उघडा ठेवला. डच घरात एकच बिस्किट देऊन डबा मिटतात, तेव्हा यातला मान ज्याचा त्याला कळेल.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय? पुढच्या निवडणुकीत पडले. दारावरची पाटी तेवढी आहे. माजी नगराध्यक्ष."

"माझेही पडले," ते म्हणाले.

त्यांच्या चरित्राची गाडी नेमकी तिथेच अडली होती. कारागिरांनी बंड केलं आणि बुर्गमेस्टरला शहर सोडावं लागलं. गडबडीत वेशीच्या किल्ल्या त्याच्या खिशातच राहिल्या, शहराला नवी कुलपं करावी लागली. तो पुढे एका खेड्यात राहिला, जिथून शहराच्या चर्चचे मनोरे दिसायचे. काही वर्षांनी वातावरण निवळलं. हद्दपार केलेल्यांना परत घ्यायचं ठरलं. पण त्यांनी आपण होऊन यायचं नाही अशी रीत होती. आतून कुणीतरी नाव घेऊन जाहीर हाक मारायची, मग बाहेरच्यानं वेशीत पाऊल टाकायचं. काहींना बोलावल्याची नोंद आहे. या बुर्गमेस्टरबद्दल मात्र कागद मुके होते. तो परत गेला की वेशीबाहेरच मेला, हे कळायला मार्ग नव्हता, आणि ते कळल्याशिवाय महापौर शेवटचं प्रकरण लिहायला तयार नव्हते.

"तुम्हाला काय वाटतं?" ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे. "परत गेले असतील?"

"गेले असतील की. घरच ते त्यांचं."

"पण बोलावलं असेल का?"

पहिली एक-दोन वर्षं मला वाटायचं, म्हातारा पुस्तकाबद्दल विचारतोय. मग एका दुपारी आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात पांढरी शतावरी सोलत बसलो होतो. इथे वसंत ऋतूत ही भाजी घरोघरी शिजते. सोलता सोलता ते म्हणाले, "माझ्या वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं. डच मुलीशी लग्न करतो म्हणालो, तेव्हा त्यांनी दुकानाच्या उंबऱ्यावरून सांगितलं, जा, आणि मी बोलावेपर्यंत येऊ नकोस." मी सोलणं थांबवलं. "मग?" म्हटलं. "मग नाही बोलावलं." "आणि तुम्ही गेलाच नाहीत? ते वारले तेव्हाही?" "मला नंतर कळलं," ते म्हणाले आणि शतावरीचं एक टोक कापून बाजूला ठेवलं.

त्यांचं ते गाव आमच्या घरापासून गाडीनं तीन तासांवरसुद्धा नव्हतं. मी हजारो मैलांवरून आलेली, तिकिटांचे भाव बघून रडणारी. आणि हा माणूस सकाळी निघून दुपारी घरी पोचला असता, तो आयुष्यभर इथे बसून आपल्या गावातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या गल्ल्या पाठ करत होता. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. आमच्याकडे सासरी अडकलेल्या पोरीला न्यायला मुराळी येतो. भाऊ येतो, नाहीतर चुलता येतो, कुणी नसलं तर गावातलं कुणीही येतं, पण येतं. या माणसाला मुराळीच आला नव्हता. आता गुडघेही बोलायला लागले होते. "एकदा जायचं होतं," असं ते म्हणायला लागले, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, येत्या शनिवारी आपण तुझ्या हसण्याच्या विषयाला गाडीत घालून त्याच्या गावी नेतोय.

नवरा लगेच तयार झाला. महापौरांनी कौन्सिलपुढे विषय ठेवला, कालव्याला चांगल्या तीन चकरा मारल्या आणि हो म्हणाले.

मी पहाटे उठून थालीपिठं केली, स्टीलच्या डब्यात भरली. गावाची वेस अजून उभी आहे, दोन बुटक्या गोल बुरुजांच्या मध्ये एक कमान. आतबाहेर लोक चाललेले, कुणाच्या हातात पिशव्या, कुणाच्या बाबागाड्या. आम्ही गाडी लावून कमानीपाशी आलो आणि महापौर थांबले.

"मी इथे बाकावर बसतो. तुम्ही बघून या. नगरभवन पाहण्यासारखं आहे."

"अहो मेनेर, दार उघडं आहे! ते बघा, कुत्रंसुद्धा आत चाललंय."

"कुत्र्याला कुणी जा म्हणालं नव्हतं," ते म्हणाले आणि खरोखरच बसले.

मी समजावलं, चिडले, हात धरून ओढायचंच काय ते बाकी ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी बाजूला जाऊन अण्णांना फोन लावला. का लावला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अडलं की मी अण्णांना फोन लावायची, इतकंच.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग बोलवा की त्यांना. त्यात एवढं काय?"

"बोलावणार कोण अण्णा? वडील गेले त्यांचे."

"वडील गेले, गाव आहे ना? दवंडी दे."

"कुणाच्या हुकमानं देऊ? दवंडीला हुकूम लागतो."

मग अण्णांनी घसा खाकरला, भाषणाआधी खाकरायचे तसा. "माझ्या हुकमानं दे. माजी झालो म्हणून काय झालं? खुर्ची गेली, तोंड नाही गेलं."

मी फोन स्पीकरवर टाकून नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला महापौरांजवळ उभं केलं. थालीपिठं कागदात काढली, रिकामा डबा आणि चमचा घेतला आणि कमानीतून आत गेले. आत जाऊन बाहेरच्या दिशेनं वळले. लाज वाटली नाही असं नाही. पण आता माघार घेतली असती तर तो माणूस त्या बाकावरच राहिला असता, हे मला लख्ख दिसत होतं. मी डबा बडवला.

"ऐका हो ऐका! माजी नगराध्यक्षांच्या हुकमानं समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं की, वेशीबाहेर थांबलेल्या माणसाला गावात यायला आजपासून मोकळीक आहे हो! ज्याची हरकत असेल त्यानं आत्ता पुढं यावं!"

कमानीत आवाज असा घुमला की मीच दचकले. लोक थांबले. कॅफेतल्या दोन बायकांनी कप खाली ठेवले. हरकत घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

महापौर बाकावरून उठले होते. "काय म्हणताहेत त्या?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. इतकी वर्षं त्यांच्यावर हसलेला माझा नवरा अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुम्हाला आत बोलावताहेत."

मग मी त्यांचं नाव घेतलं. आडनाव नाही, पहिलं नाव, त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं. आजवर ते मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. हाक मारली, "या हो! घरी या!"

त्यांनी टोपी काढली. कोटाचं वरचं बटण लावलं. आणि गुडघ्यांना जमेल तसे, पण ताठ चालत ते कमानीतून आत आले. माझ्यासमोर येऊन थांबले, खिशातून ग्रोनिंगनच्या घराच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. बुर्गमेस्टरकडे राहिलेल्या किल्ल्या शहराला परत मिळाल्या होत्या. मला रडू आवरेना. मागून फोनमधून अण्णा ओरडत होते, "आले का? आत आले का?"

"आले, अण्णा."

"मग चहा द्या त्यांना आधी."

गावात मजाच झाली. मिठाचं कोठार कुठे होतं, कोळ्यांचा बाजार कुठे भरायचा, बुर्गमेस्टरच्या घराची मागची भिंत कुठली, सगळं त्यांनी डोळे मिटून दाखवलं असतं. आणि स्वतःच्या वडिलांचं दुकान मात्र त्यांना एका मुलीला विचारून शोधावं लागलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकायला होती. ते उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले, मग आत गेले आणि एक तांबडं कव्हर विकत घेऊन आले. त्यांच्या जुन्या फोनला ते बसण्यासारखं नव्हतं. तरी त्या दिवसापासून ते कोटाच्या खिशात असायचं.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी डुकरं, सायकली, पाव सगळं वाचून झाल्यावर जाहीर केलं, "बुर्गमेस्टर शहरात परत आले."

"पुरावा?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"हाक मी स्वतः ऐकली," महापौर म्हणाले, आणि पुस्तक त्यांनी त्या वर्षी पुरं केलं.

त्यानंतर नवऱ्याला आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. निघताना मी खुंटीवरची निळी बादली काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "नागरिक जातो. बादली राहते." मी तेवढा प्लास्टिकचा मग घेऊन आले. आइंडहोवनच्या घरात तो मग बरीच वर्षं बादलीविना होता.

त्यांच्या शेवटच्या वाचनाला मी मुद्दाम ग्रोनिंगनला गेले होते. ते फार थकले होते, पायरीवर खुर्ची ठेवून बसले होते. सुरुवात केली तीच, "आइका हो आइका." खालच्या पोरांना वाटलं, ही मध्ययुगीन जर्मन असावी. मी हसले आणि डोळे पुसले. शेवटी त्यांनी एक नवा नियम वाचला, "निळी बादली ज्यांची आहे त्या या घराच्या नागरिक आहेत, कुठेही राहोत."

त्या उन्हाळ्यात ते गेले. पुढे अण्णाही गेले. माहेरच्या दारावरची पाटी भावानं नवं घर बांधताना उतरवली, त्यात त्याची काही चूक नाही. पण आता फोन उचलल्या उचलल्या "कधी येतेस?" म्हणणारं कुणी उरलेलं नाही. माझा पासपोर्ट आहे, तिकिटालाही आता रडावं लागत नाही, सुट्टीही मिळते. तरी मी जायचं पुढे ढकलते. महापौर त्या बाकावर का बसले, ते मला तिथे त्यांना समजावताना कळलं नव्हतं. आता कळतं.

परवा एका कामासाठी ग्रोनिंगनला गेले होते. पाय आपसूक कालव्याकडे वळले. घराचं दार उघडं होतं, एक तरुण बाई उंबऱ्यावर बसून लेकीच्या बुटांचे बंद बांधत होती. तिच्या मागे जिना दिसत होता. खुंट्या रिकाम्या होत्या. कुणीतरी भिंतीला छान रंग दिला होता आणि एका खुंटीवर छोटीशी छत्री टांगली होती. मी पलीकडच्या बाजूला उभी राहून किती वेळ बघत होते कोण जाणे.

"काही हवंय का?" तिनं रस्त्यापलीकडून विचारलं.

काय सांगणार? की इथे एक महापौर राहायचे? की मी या घराची नागरिक आहे, आणि तो नियम रद्द झाल्याचं अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही? मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाले, "काही नाही. माझी एक बादली राहिली होती इथे. निळी."

ती उठून उभी राहिली. "निळी? प्लास्टिकची? आम्ही घर घेतलं तेव्हा जिन्यात होती. मागच्या बागेत आहे, टाकवेना आम्हाला." मग तिनं लेकीला कडेवर घेतलं, दारातून बाजूला झाली आणि आतून मोठ्यानं म्हणाली, "उभ्या का? या ना आत!"

मी कोटाचं वरचं बटण लावलं आणि रस्ता ओलांडला.